टाचणीच्या पोटाचं माप

माझ्या मुलीला घरात सगळे टाचणी म्हणतात. लहानपणी ती इतकी बारीक होती, की वाऱ्यावर उडून जाईल म्हणून तिचे वडील थट्टेनं तिच्या खिशात गोट्या भरायचे. पुढे ती शिवणकामात पडली आणि नाव पक्कंच झालं. बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिचं दुकान आहे. ढगळ कपडे आवळायचे, घट्ट झालेले सैल करायचे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याची कंबर तिला नजरेनंच कळते. कोण सुटलं आणि कोण वाळलं, हे ती कधी तोंडावर बोलत नाही. म्हणून दुकान चालतं.

तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तीन महिने पाणीसुद्धा पचत नव्हतं. वजन वाढायचं सोडून दोन किलो उतरलं. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, होतं असं, पुढे भरून निघेल. भरून निघूही लागलं, पण माझ्या मनाला लागलेला घोर काही सुटला नाही.

टाचणीनं आपल्या मापांच्या वहीत एक पान उघडलं होतं. वर लिहिलं होतं, ‘नवीन गिऱ्हाईक’. दर रविवारी पोटाचा घेर मोजून ती त्यात आकडा टाकायची.

सहाव्या महिन्यात तिला दुकानाचा जिना चढवेना, तेव्हा एक मशीन माझ्या पुढच्या खोलीत आलं. त्या दुपारी मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारख्या आठवतात. पडद्यातून पिवळा उजेड, मशीनची एका लयीतली गुरगुर, जमिनीवर निळ्या कापडाची घडी उलगडत जाणारी. मध्येच टाचणी थांबायची, पोटावर हात ठेवून दूर कुठेतरी बघत बसायची. आत कुणीतरी कूस बदलत असायचं. मीही वाचन सोडून तिच्याकडे बघत राहायचे. कोण कुणाच्या पोटात आहे, असा क्षणभर गोंधळ व्हायचा.

तिची टेप दुकानातच राहिली होती. माझ्या डब्यात एक जुनी कापडी टेप निघाली. पाच वर्षांची असताना तिनं सगळं जग त्या टेपनं मोजलं होतं. खुर्च्या, माझा गळा, शेजारचं मांजर. तिनं ती गालाला लावली आणि गळ्यात टाकली.

त्या रविवारी घेर भरला नव्वद सेंटिमीटर. आदल्या रविवारी होता ब्याण्णव.

“नीट मोज,” मी म्हटलं.

“आई, मी रोज मापंच घेते.”

तिनं पुन्हा मोजलं. नव्वदच.

पुढचा रविवार एक्क्याण्णव, त्यापुढचा ब्याण्णव. तीन आठवडे गेले आणि आम्ही होतो तिथेच. बाळ लाथा मारत होतं, हा एवढाच धीर. तेव्हाच उठून सिस्टरांकडे जायला हवं होतं. पण वाईट काही ऐकावं लागेल या भीतीनं मी ठरलेल्या तारखेची वाट बघत बसले आणि तोवर तिला खाऊ घालत सुटले. सकाळी लोणी, दुपारी साखर घातलेलं घट्ट दूध, मधल्या वेळी बदाम, रात्री तिनं नको म्हटलं तरी आणखी एक वाढप.

“आई, मी माणूस आहे, पोतं नाही.”

“दोघांचं खायचं असतं.”

“दुसरं वीतभर आहे. त्याचंही ताट तू माझ्याएवढंच वाढतेस.”

तरी ती खायची. तिलाही त्या नव्वदची धास्ती बसली होती.

तपासणीच्या दिवशी काटा पाहून सिस्टरांनी चष्मा वर केला. “तीन आठवड्यांत चार किलो? शिवता की नुसत्या जेवता?”

त्यांनी रक्तदाब पाहिला, घोट्यावर बोट दाबून सूज पाहिली, साखरेसाठी रक्त घेतलं. मला राहवेना. “पण पोट वाढतच नाहीये हो.”

सिस्टरांनी तिला आडवं केलं, आपल्या टेपनं पोट मोजलं, ठोके ऐकवले. “बाळ अगदी वेळेवर आहे. वाढत नाही असं कोण म्हणालं?”

“मी मोजते,” टाचणी जरा ताठपणे म्हणाली आणि पिशवीतून वही काढली. वहीबरोबर टेपही बाहेर आली. सिस्टरांनी ती आपल्या टेपशेजारी धरली. एका मीटरला चांगली तीन सेंटिमीटर लांब.

टाचणीनं जुनी टेप हातात घेऊन ताणून पाहिली. मग म्हणाली, “शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते. कापडी टेप ओढून ओढून लांबते, मग माप कमी दाखवते. वर्षाला बदलायची.”

“मग ही कशी राहिली?” सिस्टरांनी विचारलं.

“ही माझी होती ना.”

सिस्टर हसल्या, पण पुढचं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. आता घाबरून उपाशी ठेवायचं नाही, वजन उतरवायला जायचं नाही. लोणी आणि गोड दूध बंद, बाकी साधं जेवण भुकेपुरतं, रोज चालणं. आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वाढलं की झालं. साखरेचं दोन दिवसांत कळेल.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिच्या रक्तात काही निघालं तर ते माझ्या हातानं घातलेलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. ती मात्र संध्याकाळी मला बळंच कालव्याकाठी फिरायला न्यायची. धुकट उजेडात ती पुढे, मी मागे. एकदा मागे न बघताच म्हणाली, “तू एकटीनं नाही भरवलंस. तोंड माझं होतं.”

रिपोर्ट चांगला आला. साखर नव्हती. पुढच्या तपासणीला, पंधरा दिवसांत, वजन किलोपेक्षा थोडं कमीच वाढलं होतं. सिस्टरांनी नुसती मान हलवून पुढच्या बाईला हाक मारली.

त्या रात्री जेवताना मी पातेल्याकडे हात नेला तसं टाचणीनं ते आपल्याकडे ओढलं आणि स्वतः वाढून घेतलं. मी वाढलं असतं त्याच्या निम्मं. मी ओठ दाबून खिडकीबाहेर बघत राहिले. ते संपल्यावर ती थोडा वेळ तशीच बसली, पोटातलं काही ऐकत असल्यासारखी. मग तिनं आणखी एक चमचा भात घेतला.