शिरूरचा ब्राझीलवाला

कोल्हापूरहून पहाटेच्या एसटीनं निघाले तेव्हा पिशवीत दोन शिट्ट्या आणि काळा ड्रेस होता, आणि मनात भरपूर तुच्छता होती. शिरूरच्या कुणा भाऊंनी 'अखिल भारतीय निमंत्रित फुटबॉल स्पर्धा' भरवली होती. उपान्त्य सामना शिरूरला आणि अंतिम सामना दौंडला होता, आणि दोन्हीला पंच म्हणून मला बोलावलं होतं. आपल्याकडे पेठांमधला सामना असला की दुकानांची शटरं खाली येतात. तिकडे फुटबॉल म्हणजे कबड्डीची मॅट वाळेपर्यंत खेळायचा खेळ, अशी माझी पक्की समजूत होती. फोनवरच्या कार्यकर्त्यानं सांगितलं, "मॅडम, आपल्या टीममधी ब्राझीलचा प्लेयर हाय. ओरिजिनल." बाजारातल्या बुटांना लावतात तसा तो शब्द ऐकून मला हसू आलं. ते बघायलाच निघाले, असं म्हटलं तरी चालेल.

पुण्यात गाडी बदलली. नगर रस्त्यावर गाडी म्हणजे नुसती रांगेत उभी राहण्याची वस्तू. कोरेगाव भीमाजवळ कंपन्यांच्या बसगाड्या, हिंदीतून लिहिलेल्या खानावळींच्या पाट्या आणि सर्व्हिस रोडवर उलटे येणारे ट्रक यांच्यामधून भीमेचा पूल कसाबसा दिसला. पुलापलीकडे एक भलंमोठं होर्डिंग होतं. त्यावर भगवा फेटा बांधलेला एक सावळा, कुरळ्या केसांचा तरुण छातीशी चेंडू धरून हसत होता. शेजारी त्याच्या दुप्पट आकाराचे भाऊ हात जोडून उभे. खाली मजकूर होता : 'इंटरनॅशनल फुटबॉल अकॅडमी, शेजारीच एनए प्लॉट.' अकॅडमी बारीक अक्षरात होती आणि प्लॉट मोठ्या.

शिरूरच्या स्टँडवर मला न्यायला दगडूमामा आले होते. भाऊंच्या गाडीवरचे ड्रायव्हर, साठीकडे झुकलेले, कवठे येमाईचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. मामांनी मेंढरं विकून विहीर घेतली आणि आता शेती मुलाकडे आहे. घोडनदीला (शिरूरचं जुनं नाव, जुन्या माणसांच्या तोंडी अजून तेच) आधी जेवून घेऊ म्हणाले. मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली बेसनाची वडी, मासा नावापुरताही नाही) आणि तिखटजाळ रस्सा. एवढी एक गोष्ट मात्र मी विनातक्रार मान्य केली. आपल्याकडे अशी होत नाही.

जेवण झाल्यावर मला वाटलं मैदान दाखवतील. नेलं प्लॉटच्या उद्घाटनाला. माळावर चुन्यानं आखलेले चौकोन, मधोमध मंडप, आणि मंचावर तो होर्डिंगवरचा मुलगा, काइओ. सूत्रसंचालक माईकवरून मोठमोठ्यानं आकडे म्हणत होता आणि काइओ चेंडू गुडघ्यावर, डोक्यावर, पायावर उडवत होता. प्रत्येक दहाला टाळ्या. मग भाऊंनी त्याला शाल पांघरली आणि 'हा आपला शिरूरचा पेले' असं जाहीर केलं. मी मागच्या खुर्चीवर बसून ठरवून टाकलं की हा कुठल्या तरी बीचवर पर्यटकांसमोर चेंडू उडवणारा असणार. चेंडू हवेत ठेवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. चेंडू जमिनीवर आला की ते उघडे पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडू जमिनीवर आला. मैदान म्हणजे मुरमाचा तुकडा, गवताची काडी नाही. समोरचा संघ चाकणच्या कंपन्यांमधल्या पोरांचा, दणकट. भाऊंच्या संघात भाऊंचे तीन पुतणे आणि पुण्याहून आणलेले काही कॉलेजकुमार होते. पहिल्या काही मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की काइओ चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चेंडू पायाशी येईपर्यंत तो पुढे कुणाला द्यायचा हे त्याचं ठरलेलं असतं. मधल्या फळीत खेळणाऱ्याचं हे खरं काम. ते टाळ्या मिळवून देत नाही. त्यानं एक पास असा दिला की दोन बचावपटू तो गेल्यावर वळले. तो मिळाला एका पुतण्याला, आणि पुतण्यानं तो लाथ मारून रस्त्यावर घालवला. काइओ त्याच्याकडे बघून हसला आणि अंगठा वर केला. धावताना तो उजवा पाय किंचित राखून टाकतो, हेही मला दिसलं. शिरूर जिंकलं. माझी तुच्छता तशीच राहिली, फक्त त्याच्यावरून उठून दुसरीकडे जाऊन बसली.

दौंडला जायला मामांची गाडी. पुढे मी, मागे गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून काइओ. न्हावऱ्याहून पुढं दोन्हीकडे ऊस लागला. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या रस्ता अडवून डुलत चालल्या होत्या. काइओ काचेला नाक लावून बघत राहिला. त्याचं इंग्रजी गोव्यात शिकलेलं, माझं शाळेत खेळ शिकवताना कामापुरतं. तरी बोलणं जमलं.

त्याचा गाव साओ पावलोच्या आतल्या भागात, चहूकडून उसात बुडालेला. बाप साखर कारखान्याच्या ट्रकवर होता. तेराव्या वर्षी त्याला मोठ्या क्लबच्या वसतिगृहात नेलं, सतराव्या वर्षी पहिल्या संघाचा करार झाला. टीव्हीवर दिसला तेव्हा गावात फटाके वाजले. मग प्रशिक्षक बदलला आणि नव्या माणसाला धिप्पाड पोरं हवी होती. त्याला दुसऱ्या क्लबला उसनं दिलं, तिथून पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत. तिथं गुडघा मुरगळला. सूज असताना सुई टोचून खेळवला आणि मग हंगाम संपताच सोडून दिला. पुढं गोवा, तिथल्या क्लबनं संघच बंद केला. एका दलालानं सांगितलं की पुण्याजवळ व्यावसायिक संघ उभा राहतोय. तो व्यावसायिक संघ म्हणजे भाऊ. बावीस वर्षांच्या पोरानं सगळं कारकिर्दीसारखं न सांगता एसटीच्या थांब्यांसारखं सांगितलं. गोव्यातल्या दुसऱ्या एका क्लबनं त्याला पुढच्या आठवड्यात चाचणीला बोलावलं होतं. अंतिम सामना खेळलास की मी गाडी करून गोव्याला पोचवतो, असं भाऊंनी कबूल केलं होतं.

मी त्याला विचारलं, गुडघा या सामन्याला पुरेल का. तो म्हणाला, पुरवतो.

इंग्रजी येत नसलं तरी मामांनी एवढ्या वेळात काय ते समजून घेतलं असावं. पाटसच्या साखर कारखान्याच्या मळीचा उग्र वास नाकात शिरला तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, लंगडं जनावर आमी कळपात चालवत न्हवतो. खांद्यावर घेत हुतो."

दौंडमध्ये मला पहिला धक्का बसला. रेल्वेच्या मैदानावर चक्क गवत होतं आणि रेषा सरळ होत्या. गर्दीतली जाणती माणसं ऑफसाइड कशाला म्हणतात ते एकमेकांना न विचारता बसली होती. आपल्याला वाटतं हा खेळ आपणच सांभाळला. इथंही रेल्वेच्या वसाहतीत तो कुणाला न सांगता चालू राहिलेला होता. दौंडच्या संघाचा कप्तान प्रशांत, रेल्वेत नोकरीला, शांत चेहऱ्याचा. त्यानं नाणेफेकीच्या वेळी काइओशी हात मिळवला आणि त्याच्या गुडघ्यावरच्या पट्टीकडे एकदा पाहून घेतलं. त्याचा फायदा त्याच्या संघानं शेवटपर्यंत घेतला नाही, हे मी पंच म्हणून लिहून देऊ शकते.

पूर्वार्ध चांगला झाला. काइओनं तीन-चार वेळा दौंडची मधली फळी नुसत्या नजरेनं हलवली. एक गोल त्यांचा, एक यांचा. उत्तरार्धात मात्र भाऊंची स्पर्धा सुरू झाली. चेंडू खेळात असतानाच पाहुण्यांच्या गाड्या थेट मैदानात आल्या. कार्यकर्ते मधल्या वर्तुळात सतरंजी अंथरू लागले. मी शिट्टी वाजवून त्यांना बाहेर काढायला गेले, तर माईकवरून जाहीर झालं की सामना सत्कारासाठी थांबवण्यात येत आहे. तो मी थांबवला नव्हता. फेटे आले, नारळ आले, भाषणं झाली. एका पाहुण्यांनी फुटबॉलमुळे मुलं व्यसनांपासून दूर राहतात असं सांगून तंबाखूची पिंक टाकली. तेवढ्या वेळात भाऊंनी उरलेले बदली खेळाडू म्हणून दोन भाचे मैदानात उतरवले, फोटोत यावेत म्हणून. खेळाडू वाऱ्यात गार पडत उभे. काइओ सतत गुडघा वाकवत होता, सोडवत होता.

खेळ सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या धावेतच तो एकटा असताना खाली बसला. जवळ कुणी नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी गुडघा धरला होता आणि चेहऱ्यावर वेदनेपेक्षा ओळखीचा भाव जास्त होता. मी खेळ थांबवला. भाऊ स्वतः आत आले. त्यांचे बदली खेळाडू संपले होते, आणि मुख्य पाहुण्यांना ब्राझीलवाला खेळताना बघायचा होता.

भाऊ म्हणाले, "पळू नको म्हणावं त्याला. नुसता हुभा राहू द्या गोलाजवळ."

भाऊंच्या हातवाऱ्यांवरून काइओला काय ते कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उठायला लागला. मला म्हणाला, मी उभा राहतो, मला गोव्याला जायचंय. तो उभा राहिला आणि पाऊल टाकताच त्याचा पाय आतून सुटल्यासारखा झाला.

जखमी खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार पंचाला असतो. मी तो वापरला. भाऊंना सांगितलं की हा आता खेळणार नाही, आणि सत्कार करणाऱ्यांपैकी कुणी आत थांबलं तर सामनाही होणार नाही. भाऊंना बाईनं असं चारचौघांत सांगणं झेपलं नाही. माईकवरून 'कोल्हापूरच्या मॅडम पक्षपाती हायेत' असं जाहीर झालं. काइओनं तर माझा हात झटकला. मग प्रशांत आणि त्याचा गोलकीपर पुढे आले, दोघांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि रेषेबाहेर नेलं. दहा जणांचं शिरूर हरलं. चषक देताना पाहुणे निघून गेले होते.

भाऊंचा ताफाही गेला. काइओची बॅग मंडपाच्या खांबाला टेकवून ठेवलेली होती. तेवढं सौजन्य मामांचं असणार. गोव्याच्या गाडीचं कुणी नाव काढलं नाही.

प्रशांतनं आम्हाला घरी नेलं. रेल्वे वसाहतीजवळचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली प्रशांतच्या वडिलांचा संघाबरोबरचा फोटो. त्याच्या आईनं भीमेतल्या माशाचं कालवण आणि ज्वारीच्या भाकरी केल्या. रेल्वे दवाखान्यात काम करणारा शेजारी येऊन गुडघा बघून गेला आणि म्हणाला, आज थांबला ते बरं झालं, मोठ्या डॉक्टरला दाखवा. काइओनं दोन भाकरी संपवल्या. तिसरी भाकरी वाढताना आई त्याला म्हणाली, "खा रं बाळा. पाय बरा हुईल, पोट रिकामं ठिवू नको." त्याला एक अक्षर कळलं नाही, आणि तो ताटावर मान घालून रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मी खिडकीबाहेर शंटिंग करणारं इंजिन बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी गोव्याकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही दोघं चढलो. मला मिरजेला उतरायचं होतं. प्रशांत डब्यात येऊन त्याचा पाय बाकावर नीट टेकवून गेला. पुण्यापर्यंत काइओ माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होता. पुण्यानंतर म्हणाला की चाचणी गेली. मी म्हटलं, गेली. खोटा धीर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. सातारा मागे पडल्यावर तो पुन्हा बोलला.

"पोर्तुगालमध्येही पंच जवळ उभा होता. त्यानं विचारलं, खेळणार का. मी हो म्हटलं. तुम्ही विचारलंच नाही."

तक्रार होती की आभार, ते मला समजलं नाही. मिरजेला उतरताना त्यानं खिडकीतून हात पुढे केला, एवढं खरं.

गोव्यात डॉक्टरांनी स्नायुबंध अर्धा फाटल्याचं सांगितलं. क्लबनं घेतलं नाही. तो घरी परतला, उपचार झाले, आणि आता गावापासून जवळच्या एका छोट्या क्लबकडून खेळतो. पूर्ण सामना खेळायला अजून परवानगी नाही, असं त्यानं कळवलं आहे. इकडे भाऊंनी माझी तक्रार केली आणि काही महिने मला सामने मिळाले नाहीत. शाळेतल्या पोरींना मात्र मी चेंडू येण्याआधी मागे बघायला शिकवते आहे. निम्म्या जणी अजून विसरतात.

परवा त्याच कार्यकर्त्याचा पुन्हा फोन आला. मागचं सोडून द्या म्हणाला, यंदा स्पर्धा अजून मोठी हाय, अर्जेंटिनाचा गोलकीपर आणलाय. मी विचारलं, त्याचे गुडघे ठीक आहेत ना.

"गोलकीपरला कशाला लागत्यात गुडघं, मॅडम?"

मी येते म्हणून सांगितलं. त्या मैदानावर नियम माहीत असलेलं एक तरी माणूस असायला हवं.