उन्हात ठेवलेली चौथी पेटी

महिपती गावंड मूळचे धरमतरच्या मिठागरावरचे. बापाने जन्मभर मीठ ओढलं. मुलगा भातावरच्या खोडकिड्याचा अभ्यास करून सरकारी साहेब झाला. खोडकिडा ही पतंगाचीच अळी. त्या ओळखीतून पतंगांनी गावंड सरांना जे धरलं, ते पस्तीस वर्षं सोडलं नाही. भल्या सकाळी रोह्यात दिव्याच्या खांबांखाली ते वाकलेले दिसत.

"साहेब, काय पडलं?" दूधवाल्याने एकदा विचारलं.

"पडलं नाय, बसलंय," सर म्हणाले.

१९९८ला ते निवृत्त झाले, तेव्हा वरसे गावातल्या घरी टाचणीला लावलेल्या पतंगांच्या चार पेट्या होत्या. मुंबईच्या एका संग्रहालयातून त्या न्यायला काळुराम येणार होता; सरांच्याच हाताखाली शिकलेला. पेट्या तिथे पोचल्या की आपलं काम आपल्यामागे राहील, एवढीच सरांची आस.

तो येण्याच्या आठवडाभर आधी सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस पेणला दवाखान्यात राहिले. इकडे पत्नी कृष्णाबाईंना चौथ्या पेटीत कसर, वाळके पतंग खाणारी बारीक कीड, दिसली. त्या शेतकऱ्याच्या लेक. वालांना भुंगा लागला की काय करतात, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. वैशाखाच्या उन्हात, वालांशेजारी, त्यांनी पेटी तिन्ही दिवस उघडी ठेवली.

कसर गेली. हिरव्या पतंगांचा रंगही गेला. सरांच्या नव्या डोळ्याला घरात पहिलं दिसलं ते हे. त्या दिवशी सर जेवले नाहीत. कृष्णाबाईही नाहीत.

ठरल्या दिवशी काळुरामने येऊन चौथी पेटी उघडली. "सर, ही उन्हात कोणी ठेवली?"

चहाचे कप घेऊन कृष्णाबाई दारातच थबकल्या.

"मी," सर म्हणाले.

"तुम्ही? पहिल्याच दिवशी आम्हाला सांगायचात, ऊन लागू देऊ नका."

"म्हातारा झालो. लिही तसं."

त्याने नोंदवहीत 'संग्राहकाचा हलगर्जीपणा' असं लिहिलं. सरांनी खाली सही केली. तीन पेट्या गाडीत चढल्या. चौथी ओटीवरच राहिली.

"खोटं कशाला बोललात?" गाडी गेल्यावर कृष्णाबाई म्हणाल्या.

"खोटं नाय गो. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना उन्हाचं सांगितलं. तुला पस्तीस वर्षांत एकदा सांगितलं नाय."

"मी तरी कुठं विचारलं? मेलेल्या किड्यांची काय चौकशी करायची?"

सरांनी पेटी मांडीवर घेतली. "बस इथं." पहिल्या टाचणीपाशी बोट नेलं. "हा नागोठण्याचा. हिरवा होता."

"कसा हिरवा?"

सर अंगणातल्या झाडांवर तसा हिरवा शोधू लागले.

"केळीच्या कोंभावाणी?"

"व्हय," सर म्हणाले. "पण जरा फिका."