सेकंडचा शिक्का

परवा स्टॅम्प पॅडच्या शाईचा वास आला आणि नव्वदच्या दशकातली सुरतची आमची एक खोली आठवून डोकं तापलं. शाळेतल्या माझ्या लाडक्या सिस्टर नाताळाला बदलून जाणार होत्या. त्यांच्यासाठी मी खोडरबरात ब्लेडने चांदणी कोरली आणि काकांच्या पॅडवर दाबून कोऱ्या पुठ्ठ्यावर जांभळे ठसे उठवले. एका चांदणीचं टोक जरा फिसकटलं, बाकी कार्ड देखणं झालं होतं. काका कापड मार्केटात ताके तपासायचे. कामावरून येताच त्यांनी कार्ड उजेडात तिरपं धरलं आणि डागी मालावर मारायचा शिक्का खिशातून काढून मधोमध हाणला: ‘सेकंड’. मी किंचाळले. “डाग शे ना बेटा, मंग फ्रेश कसं म्हनू?” ते म्हणाले. आईवडील खदखदून हसले. दुसरा पुठ्ठा नव्हता आणि सिस्टर सकाळीच निघणार होत्या. मी तोच शिक्का उचलून दोरीवरच्या काकांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर मारला. “अगं, लग्नात घालायचा शर्ट तो!” वडील ओरडले. आता कोणीच हसेना. सिस्टर कार्डाविना गेल्या. आज मी काकांच्या तेव्हाच्या वयाची आहे. ती शाई कापडावरून कधीच निघाली नाही, याचं मला अजूनही समाधान वाटतं.