चाळीतल्या बाळांची वजनं

एकत्र नोकरी केलेल्या दोघीजणी भेटल्या की पगार, बदल्या सगळं मागे पडतं आणि किस्से निघतात. एक काढला की त्याचा पदर धरून दुसरा येतो. माझे सगळे सोलापुरातले, गिरणीच्या चाळीतल्या बाळांच्या दवाखान्यातले. डॉक्टरीणबाई, कंपाउंडर गुंडोपंत आणि मी नर्स, एवढाच आमचा स्टाफ. दर मंगळवारी बाळांना झोळीत घालून काट्याला टांगायचं आणि वजन लिहायचं, हे मुख्य काम.

*

चाळीतल्या खोल्या अंधाऱ्या, त्यामुळे काही पोरांचे पाय वाकायचे. डॉक्टरीणबाई चिठ्ठी द्यायच्या, 'सकाळचं ऊन, रोज अर्धा तास.' एकदा एक बाप कडेवर पोर, हातात ती चिठ्ठी आणि रिकामी बाटली घेऊन गुंडोपंतांच्या खिडकीशी आला. गुंडोपंतांनी चिठ्ठी दोनदा वाचली, बाहेर आले आणि बापलेकांना अंगणात नेऊन उभं केलं.

"हे घ्या. बाटली लागत नाही. उद्या परत या."

तो महिनाभर रोज आला!

*

पहिल्यांदा वजन करायला कुणी तयारच होईना. बाजरी तोलतात, लेकरू तोललं तर दृष्ट लागते, असं बायकांचं म्हणणं. शेवटी एका आजीनं तोड काढली. लेकरामागोमाग वरवंटा तोलायचा, म्हणजे दृष्ट त्याच्यावर जाईल. आम्ही कबूल झालो. दर मंगळवारी वरवंटाही झोळीत बसू लागला, आणि आजीचं समाधान व्हावं म्हणून मी त्याचंही वजन इंग्रजीत रजिस्टरला चढवू लागले.

सहा महिन्यांनी तपासणीला एक गोरा साहेब आला. रजिस्टरवरून बोट फिरवता फिरवता थांबला. हा वरवंटा नावाचा मुलगा सहा महिन्यांत जराही वाढलेला नाही, याची कुणाला काळजी आहे की नाही, असं त्यानं रागानं विचारलं. मी खुलासा करणार, तोच साहेबानं तिथल्या तिथे त्याला रोज पावशेर दूध मंजूर केलं.

डॉक्टरीणबाईंनी अगदी शांतपणे सही घेतली. ते दूध एका आई नसलेल्या पोरीनं वर्षभर प्यायलं.

*

गंगव्वा आणि तिचा नवरा दोघंही गिरणीत. तान्ह्या सिद्रामला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ती त्याला अफूचा कण चाटवून जायची. पोर दिवसभर झोपायचं, दूध मागायचंच नाही. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरीणबाई तिला रागावल्या नाहीत. दिवसा पोर आमच्या ओसरीवर ठेवायचं आणि दुपारी तिनं पाजायला यायचं, एवढी परवानगी त्यांनी गिरणीतून मिळवली.

अफू बंद झाली, तरी पोर आठवडाभर मलूलच पडलेलं. आम्ही तिघंही धास्तावलो होतो. मग एका दुपारी त्यानं असा टाहो फोडला की गंगव्वाला फाटकापाशीच ऐकू गेला. ती पायरीवर बसून रडायला लागली. काय झालं म्हणून बायका धावल्या.

"काई न्हाय," ती डोळे पुसत म्हणाली, "माजं पोर भुकेलंय."

*

चाळीच्या दोन ओळी होत्या. पुढच्या ओळीला ऊन-वारा, मागच्या ओळीला भिंत आणि गटार. पुढची बाळं गुटगुटीत, मागची किडकिडीत. भाकरी मात्र दोन्हीकडे तीच. मागच्या ओळीतल्या सर्वांत अशक्त चार बाळांना पुढे खोल्या द्या, म्हणून डॉक्टरीणबाई मॅनेजरकडे तीनदा गेल्या. खोल्यांची अदलाबदल होणार नाही, असं मॅनेजरसाहेबांनी साफ सांगितलं. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

दोन महिन्यांनी त्याच चार बाळांची वजनं वाढली. काटा बिघडला असेल म्हणून गुंडोपंतांनी तो उघडून पुसला. पुढच्या मंगळवारी वजनं आणखी वाढली. मग न कळवता आम्ही चाळीत गेलो.

पुढच्या ओळीत अंबाक्का नावाच्या म्हातारीच्या ओसरीवर, कोवळ्या उन्हात, मागच्या ओळीतली चारही बाळं गोधडीवर पाय झाडत होती. तिची स्वतःची गुटगुटीत नात तिथे नव्हती. ती मागच्या ओळीतल्या एका खोलीत, शेजारणीच्या मांडीवर सापडली. मागच्या आणखी तीन घरांतही पुढच्या ओळीतलीच बाळं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंबाक्का, हे काय चाललंय?"

अंबाक्का बाळाला तेल लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "खोल्या बदलायच्या न्हाईत म्हणलं की सायबानं. लेकरं बदलू नका, आसं कुटं म्हणलाय?"