सोलरवर पडणारी सावली

बाळांनो, लातूरच्या आपल्या घरावरच्या सोलरचा फोटो तुम्ही शाळेत कौतुकाने दाखवलात, असे तुमची आई म्हणाली. म्हणून आता हे सांगायलाच हवे.

भूकंपानंतर छताखाली जायची भीती वाटे. कित्येक रात्री सगळी गल्ली आमच्या कडुलिंबाखाली निजली. पुढे आम्ही क्लासच्या मुलांना खोल्या दिल्या आणि त्यांच्या अंघोळीसाठी सोलर बसवला. कडुलिंबाची सावली त्यावर पडायची, म्हणून मी झाड तोडायला लावले. गल्लीत कुणाला विचारले नाही.

समोरची शेजारीण म्हणाली, "काकू, पुन्हा जमीन हालली तर निजायचं कुठं? तुमच्या सोलरखाली?"

आता उन्हाळ्यात दुपारी तीच मला बोलावते आणि मी मान खाली घालून जाते. गल्लीत सावलीला तिच्या दारातला शेवगा तेवढा उरला आहे.