पेटीबाहेरची ऊब

नवस बोलायला आमच्या घरात कुणी देव नव्हता, आणि याचा मला अभिमान होता. आप्पा सभांमधून पत्रकं आणायचे. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीत मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. कुणापुढे हात पसरायचा नाही, हक्काचं आहे ते ताठ मानेनं मागायचं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. मोठी झाल्यावर पत्रकं मीच लिहू लागले. आई मात्र रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आणि डोळे मिटून सगळ्या जिवांचं भलं चिंतायची. मी तिला चिडवायचे, "काय गं, पोचला का अर्ज?" ती हसायची. "अर्ज नाही गं. नुसती बसते."

गिरण्यांचा संप होऊन गेल्यानंतरच्या त्या वर्षांत माझी मुलगी जन्मली, दिवस भरण्याच्या कितीतरी आधी. अंगावर लव, पाय माझ्या बोटांएवढे, रडणं मांजरीच्या पिलाचं. उपनगरातल्या त्या सरकारी रुग्णालयात अशा मुलांसाठी काचेची एकच गरम पेटी चालू होती, आणि तिच्यात माझी मुलगी आणखी एका बाळाच्या शेजारी झोपायची. मी काचेवर हात ठेवून उभी राहायचे. हिला वाचव, असं म्हणावंसं वाटायचं. पण म्हणायचं कुणाला? ज्या रिकाम्या जागेचा मला अभिमान होता, ती त्या दिवसांत फार मोठी वाटू लागली.

माझ्या शेजारच्या खाटेवर भांडुपची एक मालवणी बाई होती. तिचा मुलगा धडधाकट, गुटगुटीत. नवऱ्याची गिरणी कायमची बंद पडली होती, तरी हिच्या जिभेला टाळं लागलं नव्हतं. सगळा वॉर्ड हसवायची. पण पहिल्याच दिवशी नर्सनं माझं आडनाव मोठ्यानं पुकारलं, तेव्हा तिनं आम्हा दोघींच्या मधल्या स्टुलावरचा आपला पाण्याचा तांब्या उचलला आणि खाटेच्या पलीकडे ठेवला. मी मनातल्या मनात एक पत्रक तेवढं लिहून काढलं.

मग एके दुपारी जास्त अत्यवस्थ असलेलं तिसरं मूल आलं. डॉक्टरबाईंनी माझ्या मुलीला पेटीतून काढून माझ्याकडे आणलं. कपडे काढ, उघड्या छातीवर उभी धर, वरून लुगड्यानं बांध आणि हलू नकोस, असं त्या म्हणाल्या. परदेशात कुठेतरी पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी मुलं आयांच्या छातीला बांधली आणि ती तगली, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. स्वतः करून पाहिलेलं नव्हतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

माझ्या डोक्यात आग पेटली. पैसेवाल्यांच्या मुलांना यंत्र, आणि आमच्या मुलांना आईची हाडं? ही वैद्यकी नव्हती, गरिबांची समजूत काढणं होतं. मी मुलीला घोंगडीत घट्ट गुंडाळलं, खाटेवर ठेवलं आणि टाके ओढत असताना जिना उतरून खाली रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांच्या दारात उभी राहिले. दुसरी पेटी मंजूर आहे, येईल, ते सांगत राहिले. कधी, हे मी विचारत राहिले. माझा प्रत्येक शब्द खरा होता. आणि वर माझी मुलगी गार पडत होती.

परत आले तर घोंगडी रिकामी. शेजारच्या बाईनं हाक मारली, "हंय बघ गो बाय." तिच्या सोडलेल्या चोळीत एका अंगाला तिचा मुलगा होता आणि दुसऱ्या अंगाला, कातडीला कातडी लावून, माझी मुलगी. वरून पदर. "पाय थंडगार पडले हुते तिचे," ती म्हणाली. "माका बाजू दोन आसत. एक हिका दिलंय."

मी मुलीच्या तळव्याला हात लावला. कोमट होता. मी तिथेच खाली बसले. बाईचे दोन्ही हात मुलांखाली गुंतलेले, ओठ सुकलेले. "पाणी दी गो," ती म्हणाली, "तो तांबयो घे." पलीकडे जाऊन मी तोच तांब्या उचलला. ती मान वर करून प्यायली. थोडं पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यावर आलं, ते मी माझ्या पदरानं पुसलं. मग ती म्हणाली, "आता तू घे तिका. माझो वास लागलो तर तुका वळखूची नाय."

आईनं आपलं जुनं, मऊ लुगडं आणलं आणि मुलीला माझ्या छातीला बांधलं. किती दिवस तशी बसले, मोजले नाहीत. लिहिता येईना, उठता येईना, भांडायला आवाज चढवला तर ती दचकायची. आधी तिचा श्वास अडखळायचा आणि माझाही. मग कधीतरी तो माझ्या श्वासाच्या चालीनं चालू लागला. मी काही मागत नव्हते, काही करत नव्हते. तरी त्या स्वस्थपणात कुणीतरी मलाही असंच छातीशी धरलं आहे, असं स्पष्ट वाटलं. ते काय होतं, याचा खुलासा माझ्याकडे नाही.

मुलगी अंग धरू लागली. शेजारीण घरी निघाली तेव्हा चाचरत म्हणाली, "रागावशील म्हणान सांगूक नाय. तुज्या चेडवासाठी गावच्या देवीक नारळ बोललंय." नवसांविरुद्ध मी किती लिहिलं होतं. मी म्हटलं, "फोड वहिनी. खोबरं आम्हालाही पाठव." तांब्याचं मी तिला कधीच विचारलं नाही.

पेट्यांसाठीचं पत्रकही मी लिहिलं, मुलगी छातीला बांधलेली असतानाच. त्यातली एकही ओळ मी आज मागे घेणार नाही. हक्क तो हक्क. पण माझ्या मुलीला जगवणारी ऊब मागून मिळाली नव्हती. ती आपल्याच अंगात होती, आणि दुसरीनं आधी देऊन दाखवली तेव्हा मला द्यायला सुचलं. यासाठी आभार कुणाचे मानायचे ते मला नक्की सांगता येत नाही, पण मानल्यावाचून राहवतही नाही.

घरी आलो त्या संध्याकाळी आईनं मेणबत्ती लावली. मी पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसले. वाकायला गेले, तर मध्ये मुलगी. मान तेवढी खाली गेली आणि कपाळ तिच्या टोपऱ्याला टेकलं. "पुरे तेवढं," आई म्हणाली. मग मेणबत्ती विझेपर्यंत आम्ही तिघी नुसत्या बसलो.