थोरला अंडे देऊन राहिला

आमच्या घरी दोन कासवं आहेत. त्या दोघांनी मिळून मला जेवढं बदनाम केलं, तेवढं माझ्या शत्रूंनाही जमलं नाही. शत्रूंना निदान दुसरी कामं असतात.

मुलगी कॉलेजात होती तेव्हा तिनं अकोल्याच्या एका माशांच्या दुकानातून ती आणली. तेव्हा पेढ्याएवढी होती. कानाजवळ लाल पट्टा, पोटाला पिवळी नक्षी. दोन्ही नर आहेत, असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, कासवं अमरावतीत आमच्या गळ्यात राहिली आणि वाढत वाढत ताटलीएवढी झाली. मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं आहे, तिथं त्यांचा मुक्काम. टाक्याला एक फळी टेकवून ठेवलेली, तिच्यावरून ती चढून बाहेर येतात आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात हवा खातात. नावं कोणी ठेवली नाहीत. मोठं ते थोरला आणि लहान ते धाकटा, हे आईनं ठरवलं. तिला आम्ही दोन मुलं, थोरला भाऊ अकोल्यात आणि धाकटा मी. त्यामुळे "थोरल्यानं पालक खाल्ला, धाकटा रुसून बसला" असं ती स्वयंपाकघरातून म्हणाली, की घटकाभर मला कळत नसे की रुसलो आहे तो मी की टाक्यातला.

आई महानुभाव पंथाची. उपदेश घेतल्याला तिला तीस वर्षं झाली. जिथं अंड्याचं टरफल दिसलं, त्या घरचं अन्न ती घेत नाही. पूर्वी ती भावाकडेच असायची. तिथं पुतण्यानं व्यायामशाळेच्या नादात उकडलेली अंडी सुरू केली आणि एक दिवस आईला कचऱ्याच्या डब्यात टरफल सापडलं. तिनं पिशवी भरली आणि भावाला म्हणाली, "मले अमरावतीले नेऊन दे." तेव्हापासून ती माझ्याकडे. येताना एवढंच बोलली, "इथंही तेच निघालं तर मी रिद्धपूरले जाऊन राहतो. पोरांच्या घरी आता फिरणं होत नाही." रिद्धपूर हे तिच्या पंथाचं तीर्थ.

आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी राहतो'च म्हणतात आणि 'देतो आहे'ला 'देऊन राहिला' म्हणतात. याचा पुढं फार त्रास झाला.

आता एक कबुली. मी रोज नोकरीला अकोल्याला जातो आणि संध्याकाळी गाडीची वेळ होईपर्यंत स्टेशनजवळच्या एका अंड्याच्या गाडीवर उभा असतो. आई घर सोडून गेल्यावर वहिनीनं संतापून भावाच्या घरातली अंडी कायमची बंद केली, म्हणून भाऊही तिथंच येतो. थोरलेपणाच्या हक्कानं तोच मला खाऊ घालतो. मग मी दोन वेळा चूळ भरतो, बडीशेप चघळतो आणि सज्जन चेहऱ्यानं घरी येतो. माझ्या घरात मात्र मी अंडं कधीच आणलं नाही. हे वाक्य मी पुढच्या पंधरा दिवसांत इतक्या वेळा म्हटलं की मलाच खोटं वाटायला लागलं.

एका सकाळी मी अंगणात चहा पीत होतो. आई कोथिंबीर खुडायला वाफ्यात बसली होती. ती उठली, माझ्याजवळ आली आणि खुर्चीच्या हातावर पांढऱ्या टरफलाचा एक तुकडा ठेवला.

"हे काय होय?"

"पालीचं असंन, माय."

"पाल एवढी असते का रे?"

मी म्हटलं, कबुतराचं असेल. कावळ्यानं कुठून तरी आणून टाकलं असेल. मी जितके पक्षी सांगत गेलो, तितका तिचा चेहरा कठोर होत गेला. त्या दिवसापासून तिनं ओसरीत वेगळी शेगडी मांडली. स्वतःची भाकर स्वतः थापायची, वरणाची वाटी पालथी घालून ठेवायची आणि मी समोरून गेलो की पदर सावरायची. दोन दिवसांनी शेजारणीला विचारताना ऐकलं, "रिद्धपूरची गाडी सकाळून किती वाजता असते वं?"

ती तिथं गेली असती तर कोणी वाईट म्हटलं नसतं. तिथं तिच्या ओळखीच्या बाया आहेत. पण सत्तरी ओलांडलेली आई दोन मुलं असताना त्यांच्या हातचं जेवणं सोडून जाते, हे मी कोणत्या तोंडानं सांगितलं असतं? आणि ज्या अंड्यासाठी ती निघाली, ते माझं नव्हतं. माझी होती ती सगळी अकोल्यात होती.

बायकोचा तपास स्वतंत्र चालू होता. ती तेल्हाऱ्याची. तिच्या माहेरी कापसाच्या ढिगावर हात ठेवून आत ओल आहे का ते सांगतात, तशी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मनातलं ओळखते. माझा सदरा धुवायला टाकायच्या आधी ती हुंगायची. डबा उघडून बोट फिरवायची.

"बडीशेप काहून खाता इतकी?"

"पचनाले."

"वरण-भात पचून नाही राहिला का?"

मग मला तिचाच संशय आला. डॉक्टरांनी तिला ताकद येईल असं काही खायला सांगितलं होतं. शेंगदाणे म्हणाले की अंडी, ते तिनं मला धड सांगितलं नव्हतं. रविवारी मी खिडकीत वर्तमानपत्र उघडून बसलो आणि त्याच्या आडून वाफ्यावर नजर ठेवली. दुपारी ती बाहेर आली, इकडंतिकडं पाहिलं आणि मुठीतलं काहीतरी पांढरं मातीत लोटलं. मी चपला न घालताच धावलो. लसणाची फोलपटं होती.

"तुमी पेपर उलटा धरला होता," ती म्हणाली. ती तासभर मला पाहत होती.

त्याच आठवड्यात बुधवारी मी अकोल्याला गाडीवर उभा होतो. भावानं उकडलेल्या अंड्यांची बशी माझ्यापुढं धरली होती आणि माझा फोन वाजला. बायको.

"आइकता का? थोरला अंडे देऊन राहिला."

माझ्या हातातलं अंडं बशीत पडलं. मी आधी भावाकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे, मग गाडीच्या मागं.

"तुले कोणं सांगतलं?"

"कोण सांगन? मी सोता पाहून राहिलो."

"कुठून?"

"खिडकीतून. हे चवथं दिलं."

"चवथं नाही," मी म्हणालो, "दुसरंच हाय."

मग बायको फार गोड आवाजात म्हणाली, "मी टाक्यातल्या थोरल्याचं बोलून राहिलो. वाफ्यात खड्डा करून बसला हाय तो. तुमी कोणाचं बोलून राहिले?"

मी काही म्हणायच्या आत भावाचा फोन वाजला. झालं असं होतं की आई ओसरीत भाकर थापत होती. तिनं सुनेचं पहिलं वाक्य ऐकलं. बायको पुण्याची असती तर 'कासवीण अंडी घालतेय' म्हणाली असती आणि सगळे वाचलो असतो. पण आमच्याकडे कोंबडीही अंडी देते, शिवाय इथं तर थोरला देत होता. आईनं वाफ्यातल्या टरफलाशी त्याचा मेळ घातला, शेगडी बंद केली आणि थेट अकोल्यातल्या थोरल्याला फोन लावला.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. निवृत्तीला आलाय, हाताखाली दहा माणसं आहेत. तो सावधान उभा राहिला.

"काहून रे," फोनमधून आईचा आवाज मलाही ऐकू आला, "तू धाकट्याले अंडे देऊन राहिला?"

भाऊ म्हणाला, "माय, तो मांगते म्हणून देतो."

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आई वाफ्यापाशी पाटावर बसली होती. तिच्या पुढ्यात सूप, सुपात ओली रेती आणि रेतीत पांढरी, लांबट, सुपारीहून थोडी मोठी आठ अंडी. बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. दोघींना सगळं कळलं होतं, टाक्यातलं आणि अकोल्यातलं. टरफलाचाही उलगडा झाला होता. आधीचं एक अंडं कासवानंच घालून पायानं तुडवलं होतं.

ओसरीत आईची पिशवी भरलेली दिसली. मी तिच्या पायाशी बसलो.

"माय, आता कधीच खाणार नाही. जाऊ नको."

"शपथ घेऊ नको," ती म्हणाली, "तुझ्या तोंडाले वास येऊन राहिला."

बराच वेळ ती सुपातली रेती सारखी करत राहिली.

"जाणारच होतो मी. उद्याची गाडी पाहून ठेवली होती. पण हे जीव होय. आठ अंडे घरात ठेवून तुमा दोघा भावांच्या भरवशावर जाऊ का मी?"

बायको आत निघून गेली. तिचे खांदे हलत होते.

पिशवी रिकामी झाली. सूप आईच्या खाटेखाली गेलं आणि मला त्या खोलीत जायची बंदी झाली. पुढच्या रविवारी मी जनावरांच्या डॉक्टरांना कासवांचा फोटो दाखवला. ते म्हणाले, दोन्ही माद्या आहेत. नर नसला तरी माद्या अंडी देतात, पण त्यातून पिल्लं निघत नाहीत. घरी येऊन मी आईला सांगितलं, डॉक्टर म्हणतात वेळ लागतो.

"लागू दे," आई म्हणाली.

मग एक एक अंडं खराब होत गेलं. आईनं ती कडुनिंबाच्या मुळाशी पुरली. तोवर थोरल्यानं आणखी सहा दिली आणि सूप पुन्हा भरलं. ओसरीतली शेगडी उचलली गेली. ती आता आमच्यासोबत जेवते. मात्र रोज संध्याकाळी मी आलो की मला समोर उभं करून 'हा' करायला लावते.

डॉक्टरांचं खरं बोलणं मी अजून तिच्यापासून लपवलं आहे. पण परवा धाकट्याला दोडक्याचे काप घालताना तिनं मला सहज विचारलं, "हाही देईन का रे पुढच्या साली? मंग तवाही माह्यं जाणं होत नाही." तिच्या आवाजात पिल्लांची घाई अजिबात नव्हती.